चमक उतरवून देणारे साडूभाऊ

आपल्या हातानं इतकी चमक या जगात आणणारा, आणि पुढं तीच चमक आपल्याच हातानं घासून काढणारा माणूस आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. निम्मं आयुष्य ते वाळूजच्या एका कारखान्यात मोटारसायकलींच्या सायलेन्सरवर क्रोम चढवत होते. उरलेलं आयुष्य पडेगावात घराच्या पडवीत बसून लोकांच्या सायलेन्सरवरचं क्रोम घालवून त्यांना काळं करत आलेत. साडू हे नातं तसं मोठं गमतीचं. एकाच सासुरवाडीच्या जेवणाला नावं ठेवायला दोन परके पुरुष एकत्र येतात, एवढाच त्याचा पाया. आमचं मात्र जेवणावरून कधी जमलं नाही, कारण साडूभाऊंना जेवणातलं काही कळतच नसे. ते ताटात काय आहे हे बघत नसत, ताट कसं आहे ते बघत. माझी बायको मंगल आणि तिची थोरली बहीण अक्का, या दोघी पाचोडच्या. अक्का त्यांच्या पदरात पडली ती कशी, हे मला सासूबाईंनी सांगितलं.

मुलगी बघायला म्हणून साडूभाऊ पाचोडला आले. पोहे झाले, चहा झाला, मुलीला नाव विचारायची वेळ आली, तरी यांची नजर अंगणातल्या नळावर. नळाचा मुलामा पोपडे सुटून गेला होता. बराच वेळ निरखून ते म्हणाले, "खालचं निकल कमी पडलंय." सासऱ्यांना वाटलं, गडी मुलीत खोट काढतोय. ते जरा गुर्मीतच म्हणाले, "काय कमी पडलं?" साडूभाऊ म्हणाले, "नळाला." पुढच्याच आठवड्यात ते पाना घेऊन एकटेच पुन्हा हजर. नळ सोडवला, पिशवीत घातला, कारखान्यात नेला आणि असा झळकवून आणून बसवला की शेजारपाजारच्या बाया त्याच्यात बघून भांग सरळ करू लागल्या. त्या नळाला पाणी आठवड्यातून एकदाच यायचं ही गोष्ट वेगळी. लग्न त्या नळावरच ठरलं. "यांनी नळ पसंत केला, अन् मी सोबत आले," असं अक्का आम्हाला शेवटपर्यंत सांगायची आणि सांगताना साडूभाऊंकडं बघून अशी हसायची की नळाचा हेवा वाटावा.

रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारसायकलीचा सायलेन्सर चिखलानं माखलेला दिसला की त्यांच्यानं पुढं जाववत नसे. खिशातून रुमाल काढायचा, उकिडवं बसायचं आणि पुसायला लागायचं. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आम्ही दोघं भाजी घ्यायला गेलो होतो. मी मिरच्यांचा भाव करून मागं वळलो तर साडूभाऊ गायब. बघतो तर एका बुलेटखाली हे बसलेले आणि भोवती गर्दी. गाडीवाल्यानं त्यांचा दंड धरलेला. "पेट्रोल चोरता काय, चाचा? इस उमर में?" साडूभाऊ शांतपणे त्याला म्हणाले, "पेट्रोल तुझं तुला ऱ्हाऊ दे. हे बघ." आणि पुसलेला सायलेन्सर त्यांनी त्याला दाखवला. तो दुपारच्या उन्हात असा लखलखत होता की त्या माणसानं आपोआप हात सोडला. वर "आणखी इधर भी जरा" म्हणून दुसरी बाजू पुढं केली. साडूभाऊंनी तीही पुसून दिली. आमच्या मिरच्या त्या गर्दीत कुणीतरी नेल्या.

या चमकेची किंमत त्यांनी नाकानं मोजली. कारखान्यात क्रोमच्या टाक्या असत. त्यांच्यावर सतत एक बारीक पिवळट वाफ तरंगत असे. त्या वाफेत उभं राहून वर्षं गेली. आधी त्यांच्या नाकातून अधूनमधून रक्त यायचं, मग ते बंद झालं आणि त्याबरोबर वासही बंद झाला. हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. एकदा आमच्याकडं मंगलनं बोंबील भाजले. सगळी गल्ली खिडक्या लावून बसली होती, आणि साडूभाऊ दारातून आत येत म्हणाले, "काय, आज चूल थंड का?" आम्ही पोट धरून हसलो. अक्का हसली नाही. तिनं त्यांच्या नाकाखाली हिंगाची डबी धरली, मग कांदा, मग रॉकेलचा बोळा. तिन्ही वेळा साडूभाऊ "हं?" म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की गेलेला वास आता परत यायचा नाही. घरी जाताना साडूभाऊ मला म्हणाले, "पाव्हणं, बरंच झालं की. रस्त्यात गटार लागतं ते तरी सुटलं." पण दुसऱ्या दिवसापासून अक्का त्यांचं नाक झाली.

ती व्यवस्था फार सुरेख होती. साडूभाऊ कामावरून आले की हातपाय धुऊन पडवीत बसायचे आणि विचारायचे, "काय काय आलं आज?" अक्का आतूनच वासांच्या बातम्या द्यायची. "सकाळी शेजारी मेथी झाली. दुपारी कुणीतरी टायर जाळला. आता मोगरा यायलाय, अन् तुमचे मोजे बी यायलेत, ते बाहेर टाका." साडूभाऊ मन लावून ऐकत. एखाद्या बातमीचं त्यांना जास्त कळावंसं वाटलं तर विचारत, "मेथी कशी होती? लसणाची का मुगाची?" आणि अक्का पुन्हा एकदा खिडकीशी जाऊन नक्की करून यायची. जेवताना ती प्रत्येक घासाला हळूच सांगायची, "कोथिंबीर हाय त्याच्यात," "खोबरं भाजून घातलंय." मग साडूभाऊ मान डोलवायचे, "व्हय, लागतंय." काहीही लागत नव्हतं. मला कधी कधी वाटायचं, हा माणूस जेवण जिभेनं नाही, कानानं जेवतो.

मग कारखान्यानं क्रोमचं खातंच बंद केलं. गाड्यांचे भाग काळे निघू लागले होते, चमक कुणाला नको होती. साडूभाऊ घरी आले. काही दिवस त्यांनी घरातली भांडी पुसली, मग शेजारच्यांची. शेवटी अक्काच म्हणाली, "पोरं गाड्यांचं चकचकीत ते काळं करून घ्यायलीत. तुम्हाला चढवता येतं तर उतरवता येत नाय का?" साडूभाऊ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचा तुकडा घेतला, पांढऱ्या अक्षरात "येथे सायलेन्सर काळे करून मिळतील" असं लिहिलं आणि फाटकाला टांगलं. आठवड्यात कुण्या टवाळानं "सायलेन्सर" खरवडून तिथं "तोंड" लिहून ठेवलं. अक्का संतापली. साडूभाऊंनी पाटी तशीच राहू दिली. "धंदा वाढला," ते म्हणाले. "सायलेन्सरपेक्षा तोंडं जास्त असत्यात."

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. क्रोमवर रंग टिकत नाही, पोपडा होऊन गळून पडतो. "लई माजोरी असतंय ते," साडूभाऊ म्हणत, "आधी त्याचा माज उतरवावा लागतो." म्हणजे पाण्यात भिजवलेल्या घासकागदानं घासून घासून त्याचा आरसा आंधळा करायचा. मग थिनरनं पुसायचा, मग उष्णतेनं न जळणारा काळा रंग पातळ पातळ मारायचा आणि शेवटी भट्टीत भाजायचा. भट्टी म्हणून त्यांनी अक्काचं लग्नातलं लोखंडी कपाट निवडलं. कप्पे काढून आत हीटरच्या कॉइल बसवल्या. अक्काच्या साड्या त्या दिवशी पत्र्याच्या पेटीत गेल्या. "माहेरचं कपाट होतं ते," ती कुरकुरली. "हायेच की ते," साडूभाऊ म्हणाले, "आधी साड्या ठेवत होतीस, आता सायलेन्सरचे बेंड पाइप ठेव."

पण खरी अडचण वेगळीच होती. साडूभाऊंना ते क्रोम घासायचा जीव होत नसे. कुणी पोरगा सायलेन्सर घेऊन आला की हे आधी त्याला बसवून घेत. "कामून काळं करतो? आरशावानी हाय की." पोरगा म्हणे, "काका, मॅट ब्लॅक पायजे. चकचक म्हाताऱ्यांच्या गाडीला असतंय." मग साडूभाऊ तो सायलेन्सर स्वच्छ पुसून त्याच्या तोंडासमोर धरत. "बघून घे एकदा. उद्यापासून दिसणार नाय." त्या गोल क्रोममध्ये पोराचं तोंड भोपळ्याएवढं दिसे. बरेच जण हसत, काही जण बघता बघता गप्प होत आणि एक-दोघे तर खरंच सायलेन्सर उचलून परत गेले. त्यांना फाटकातून हाका मारून आणायचं काम अक्काचं. "अरे ये इकडं! त्यांचं काय ऐकतो? करून देत्यात ते!" आणि साडूभाऊंना, "अहो, गिऱ्हाईक हाय का पाहुणा हाय तो?"

काम सुरू झालं की घरभर थिनरचा आणि भाजलेल्या रंगाचा वास कोंडायचा. आम्ही गेलो की फाटकापाशीच नाकात झिणझिण्या येत. मंगल पदर नाकाला लावायची तर अक्का डोळे वटारून तिला तो खाली घ्यायला लावायची. साडूभाऊ तिला नेमानं विचारत, "आत वास येतो का गं? येत असंल तर सांग, मी तिकडं रस्त्यापल्याड पत्र्याचा आडोसा करतो." अक्का म्हणायची, "कुठं? काय बी नाय. आज नुसती कढी येतीय." ज्याच्यावर ते अवलंबून होते त्या एकमेव वार्ताहरानं एवढी एक बातमी कधीच दिली नाही. रस्त्यापल्याड गेले असते तर दिवसभर तिच्या नजरेआड गेले असते, हे कारण तिनं मंगलला एकदा सांगितलं होतं. "नाक नाय त्यांना. तिकडं एकटं काय जळालं तर कोण सांगंल?"

दोन उन्हाळ्यांमागं एका दुपारी अक्कानं गॅसवर दूध ठेवलं आणि लसूण सोलायला भिंतीला टेकून बसली. साडूभाऊ पडवीत एक बेंड पाइप घासत होते. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस पसरत राहिला. आतून "अहो, बघा तिकडं" असा आवाज आला नाही. त्या घरात दूध उतू जाण्याच्या आधी तो आवाज येत असे. साडूभाऊ पाणी प्यायला आत आले तेव्हा अक्काच्या मांडीवर लसणाची टरफलं होती आणि मान कलली होती. शेजारची बाई गॅसच्या वासानं धावत आली. तिनं शेगडी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या. ती सांगते, साडूभाऊ त्या गॅसमध्ये अक्काचा हात हातात घेऊन शांत बसले होते आणि तिला म्हणत होते, "काय आलं सांग की. काय आलं?"

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बसल्या जागी गेली, तिला काही कळलंही नसेल. जलदानविधीला घर माणसांनी भरलं. भन्तेंनी गाथा म्हटल्या, अगरबत्त्या लावल्या, फोटोला मोगऱ्याचे इतके हार पडले की खोलीत गुदमरायला होत होतं. पांढऱ्या कपड्यातले साडूभाऊ त्या सगळ्यात उभे होते, आणि मी बघत होतो की त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लोक डोळे पुसत होते. ते अधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते.

जालन्याची त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्याकडं चला." ते गेले नाहीत. तिनं गॅस काढून विजेची शेगडी आणून दिली. दूध त्यांनी बंदच करून टाकलं आणि कोरा चहा प्यायला लागले. कालचं वरण आज चालतं की नाही हे कळेना, तर ते पातेलं घेऊन शेजारच्या दारात उभं राहायचे, "ताई, जरा वास घेता का?" ती बिचारी हुंगून सांगायची, "टाका भाऊ," आणि आपल्याकडचं गरम वरण त्यात घालून द्यायची. पुढं पुढं ताजं वरणही ते तिच्याकडं घेऊन जाऊ लागले. ती म्हणायची, "अहो, हे तर आत्ताचंच हाय." ते म्हणायचे, "व्हय, पण कसा येतोय?" तिला वाटायचं हे दुःखानं भ्रमिष्ट झालेत. तिनं आम्हाला फोन केला. मी गेलो, बसलो. साडूभाऊंना वरणाचं काही नव्हतं. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

काही महिन्यांनी त्यांनीच मंगलला बोलावून घेतलं. "तिच्या साड्या हायेत पेटीत. तू अन् पोरगी वाटून घ्या. नुसत्या पडल्यात." मंगलनं पेटी उघडली, वरची जांभळी साडी उचलली आणि तोंडाशी नेऊन तिथंच रडायला लागली. माणूस गेलं तरी कापडात काही दिवस राहतं, ते तिला एकदम भेटलं. साडूभाऊ दारात उभे होते. ते जवळ आले, तिच्या हातातली साडी घेतली आणि तिच्यासारखीच तोंडाला लावली. बराच वेळ लावून धरली. मग खाली घेत म्हणाले, "मंगल, कसा येतो गं? मला सांग."

मंगलनं डोळे पुसले. "खोबरेल तेलाचा येतो, दाजी. अन् डांबरगोळ्यांचा."

"अजून?"

"फोडणीचा येतो थोडा. पदराला."

"अजून?"

मंगल माझ्याकडं बघायला लागली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण त्या माणसाच्या चेहऱ्यापुढं ते जमलं नसावं. ती हळूच म्हणाली, "अन् थिनरचा."

 साडूभाऊंनी दुसरी साडी काढली, ती तिच्यापुढं धरली. "हिला?" "हिला बी." तिसरी. "हिला?" मंगलनं नुसती मान हलवली. ते पेटीच्या कडेवर बसले. "मी रोज विचारायचो तिला," ते म्हणाले. "रोज. म्हणायची, काय बी नाय. कढी म्हणायची." थोड्या वेळानं त्यांनी वर बघितलं. "त्याच्यानंच गेली का गं ती?"

"नाय, दाजी," मंगल म्हणाली. "तिचं हृदय गेलं. आमच्या आईचं बी तसंच गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला."

"सांगितलंय," ते म्हणाले. पण त्यांनी ते किती मानलं ते मला माहीत नाही. एकही साडी त्या दिवशी कुणी नेली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कपाटाची भट्टी ढकलत ढकलत रस्त्यापल्याड नेली. कडुलिंबाच्या झाडाखाली पत्रे ठोकून शेड केलं आणि काम तिकडं हलवलं. मग घराच्या मागं लागले. गाद्या उन्हात टाकल्या, भिंती खरवडून चुन्याचे हात दिले, फरशी सोड्यानं धुतली, खोल्यांत लिंबाचा पाला धुपवला. अखंड चाललेलं ते काम बघून पोरं काळं करायला आणलेले सायलेन्सर ठेवून गुपचूप निघून जात. आता साडूभाऊ त्यांना बसवून घेत नसत, आरसाही दाखवत नसत. जे आणलं ते काळं करून देत. आम्ही अधूनमधून रविवारी जायचो, आणि मंगलनं उंबरा ओलांडला की ते मागून विचारायचे, "गेला का?" ती खरं तेच सांगायची. "थोडा हाय." पुढच्या खेपेला, "भिंतीपाशी हाय अजून." ते मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात ती भिंत पुन्हा चुन्यानं पांढरी झालेली असायची.

या बुद्धपौर्णिमेला आम्ही खीर घेऊन गेलो. दारं उघडी होती, पडदे धुतलेले होते, आत गार वाटत होतं. मंगल एकटीच आत गेली. स्वयंपाकघरात उभी राहिली, मग आतल्या खोलीत पेटीपाशी बराच वेळ. पेटी उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. पडवीत साडूभाऊ माझ्यासमोर कप धरून बसले होते. कोरा चहा निवत होता. मंगल बाहेर आली.

"गेला, दाजी," ती म्हणाली. "काहीच नाय राहिला."

"बरं झालं," साडूभाऊ म्हणाले. कप त्यांनी हातात फिरवला, खाली ठेवला. मग तिच्याकडं न बघता विचारलं, "अन् तिचा?"

मंगलनं पदर सारखा केला. "तिचा हाय की."

"कुठं?"

"पेटीपाशी हाय. अन् चुलीपाशी, जिथं बसायची तिथं."

साडूभाऊ उठले आणि आत गेले. पडवीतून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. स्वयंपाकघरात त्या भिंतीपाशी ते उभे राहिले, आणि सगळी माणसं घेतात तसा त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. बाहेर येऊन खाली बसत म्हणाले, "हं. घ्या, पाव्हणं. खीर काढ गं, मंगल."

परत येताना छावणीतून गाडी काढेपर्यंत ऊन उतरलं होतं. घर येईपर्यंत मंगल मागं बसून होती, आणि अक्काचा वास खरंच आला का, हे मी तिला विचारलं नाही.